ज्येष्ठ वद्य तृतीया, सायंकाळी सहा

२० एप्रिल, रविवार. चैत्र वद्य सप्तमी.

मंडळाच्या बैठकीत आज ठरलं की यंदाचं पाठांतर ‘हायब्रिड’ होणार. हा शब्द मी आजवर फक्त बियाण्याच्या पिशवीवर वाचला होता. आमचे चिटणीस रमाकांत यांनी तो उच्चारला आणि अकरा माना एकदम हलल्या. त्यातल्या नऊ जणांना अर्थ ठाऊक नव्हता, हे मी पैजेवर सांगतो. उरलेल्या दोघांना डुलकी लागली होती.

अर्थ असा निघाला की झाशीची पोरं नेहमीप्रमाणे हॉलमध्ये उभी राहून कविता म्हणतील आणि झाशी सोडून गेलेल्यांची पोरं पडद्यावरून. त्यासाठी मंडळाचं एक वेब-पान निघणार. ते रमाकांतची भाची मुग्धा करून देणार. ती प्रेम नगरात राहते आणि घरात बसूनच बंगलोरची नोकरी करते. आमच्या वेळी नोकरीला निदान चप्पल घालून बाहेर पडावं लागे.

मी एकच अट घातली. स्पर्धा जयसिंगराव गुरुजींच्या पुण्यतिथीला होते, ज्येष्ठ वद्य तृतीयेला, सायंकाळी सहाला. पानावर तेच लिहायचं, अक्षरांत. इंग्रजी तारीख घालायची नाही.

“जनार्दनजी, बाहेरच्यांना तिथी कशी कळायची?” रमाकांत म्हणाले.

“नाही कळली तर विचारतील. विचारल्यानं कुणाची जीभ झिजत नाही.”

घरी येऊन हिला सांगितलं. दुर्गा पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, “मग आपली जाई पण म्हणेल ना?”

जाई आमची नात, नऊ वर्षांची, टोरांटोला. बैठकीत रमाकांतच्या तोंडून ‘पडदा’ निघाल्याबरोबर माझ्या मनात तेच आलं होतं, पण मी तसं बोललो नाही. बैठकीत मी विरोधी पक्षात होतो.

२१ एप्रिल, सोमवार.

गुरुजींची ‘पैलतीर’ जाईला शिकवायची. दुसरी कुठली नको. ही कविता छापलेली नाही. समथरहून येऊन गुरुजी आम्हाला शिकवत, तेव्हा बेतवेच्या काठी सहलीत त्यांनी ती रचली आणि फळ्यावर लिहिली. दुसऱ्या दिवशी फळा पुसला. बावीस पोरं होतो. आज चारही कडवी सलग म्हणू शकणारा मी एकटा उरलोय.

पैलतिरावर दिवा लागला, नाव परत येईना,
ऐलतिरावर पोर एकटे, हाक कुणी देईना.

लिहितानासुद्धा खडूचा वास येतो. खिडकीबाहेर कडुनिंब, आत गुरुजींचा तो किंचित घोगरा आवाज, आणि बावीस गळे. हल्लीच्या पोरांना कविता ‘समजावून’ देतात. आम्हाला ती समजली नव्हती, म्हणून तर साठ वर्षं टिकली.

२७ एप्रिल, रविवार. चैत्र अमावास्या.

मुग्धा लॅपटॉप घेऊन आली. मुलगी गोड आहे, मराठी मात्र अर्ध्या वाटेवर हिंदीचा हात धरते. पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत काय लिहिलं होतं? ‘६:०० म.उ.’

“हे म.उ. काय आहे?”

“मध्यान्होत्तर, आबा. मराठी भाषा निवडली की सिस्टीम अपने आप असं टाकते.”

मध्यान्होत्तर! सायंकाळी सहा वाजता शुभंकरोतीची वेळ होते, देवघरात दिवा लागतो, पाखरं कडुनिंबात भांडत शिरतात. त्या सगळ्याला या यंत्राकडे नाव काय, तर मध्यान्होत्तर. ज्यानं हे लिहिलं त्यानं आयुष्यात संध्याकाळ पाहिलेली नसणार. मी तिला पहाटे, सकाळी, दुपारी, सायंकाळी, रात्री असे पाच शब्द कागदावर लिहून दिले. तिनं ते मुकाट्यानं घातले. म्हणाली, “हे सोपं आहे, आबा. पण वेळेचं असं असतं बघा, आत एकच क्षण साठवलेला असतो. मग जो जिथे बसलाय तिथला ब्राउझर आपल्या गावच्या हिशोबानं दिवस-वार-वेळ लिहून दाखवतो.”

वेळ म्हणजे काय झबलं आहे, की ज्यानं त्यानं आपापल्या मापाचं शिवून घ्यावं? मी म्हटलं, “झाशीत सहा वाजले म्हणजे सहा वाजले.”

“टोरांटोत तेव्हा सकाळचे साडेआठ असतात, आबा.”

“तो टोरांटोचा दोष.”

ती हसली. मग पानावर घालायच्या मजकुराची यादी वाचत तिनं विचारलं, “ज्येष्ठ कृष्ण तीज, ना?”

“तीज काय? तृतीया. आणि कृष्ण काय? वद्य म्हणावं, मराठी घरातली ना तू?”

“एकच ना ते?”

“एकच.”

मग तिनं पडदा माझ्याकडे वळवला. “भारतात नुसती तिथी दिसेल, जसं तुम्ही बोलले. बाहेरच्यांना त्यांची तारीख. टोरांटोहून कसं दिसेल ते एक बार बघून घ्या ना.”

मी चष्मा काढून डबीत ठेवला. महिना आधी आणि दिवस नंतर लिहिणाऱ्या लोकांचं मी काही वाचत नाही. सहा मेला जून म्हणतील आणि वर आपल्यालाच अडाणी ठरवतील. मुग्धानं चहा घेतला, “ठीक आहे मग, लाइव्ह करते,” म्हणाली आणि गेली.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया.

पान आज उघडलं. नोंदी एकोणीस. इंदूर, पुणे, ग्वाल्हेर. परदेशातून एकच: जाई केयूर, टोरांटो.

रमाकांतनं मला फोनवर पान दाखवलं. ‘ज्येष्ठ वद्य तृतीया, सायंकाळी सहा.’ देखणं दिसतं. मी फोन परत केला. स्तुती केली की ही मंडळी लगेच दुसरं काहीतरी काढतात.

४ मे, रविवार. वैशाख शुद्ध सप्तमी.

जाईची तालीम. ती टॅबलेटवर, मी हिच्या फोनवर. तीन कडवी पाठ झाली. ‘कुणी’ मात्र ‘कुनी’ म्हणते.

“जाई, कुणी. जीभ टाळूला लाव.”

“आजोबा, बाबा पण कुनी म्हणतो.”

म्हणतोच. केयूर दहा वर्षांचा असताना याच स्पर्धेत, याच कवितेला, दुसऱ्या ओळीत ‘कुनी’ म्हणाला. परीक्षक मी. नियम असा की उच्चार चुकला की घंटा. मी वाजवली. पोटच्या पोराला सवलत दिली नाही, म्हणून लोक अजून नाव काढतात. केयूर पुढे कधी स्पर्धेत उतरला नाही. क्रिकेटचं वेड लागलं असणार. त्या वयात लागतंच.

मी हे वाक्य लिहिताना ही पाठीमागून वाचत होती. म्हणाली, “क्रिकेट? त्याच्याकडे बॅट कधी होती हो?”

बायकांना बारीकसारीक गोष्टी लक्षात राहतात.

११ मे, रविवार. वैशाख शुद्ध चतुर्दशी.

चौथं कडवंही झालं! एकदाही न अडखळता. मी डोळे पुसले, तर ती विचारते, “आजोबा, तुम्हाला कोल्ड झालं?”

मग एकदम चार बोटं वर करून ओरडली, “फोर डेज!”

“चार दिवस कसले? निदान चार आठवडे म्हण, बाळा. अजून मोप वेळ आहे.”

“नो, आजोबा. पेजवर आहे.”

“पेजवर काय वाट्टेल ते असतं.” मी इतका हसलो की ठसका लागला. ती बोटांकडे बघत बसली. कॅनडात शाळेला एवढाली मैदानं आहेत म्हणे, पण आठवडा म्हणजे किती दिवस, एवढंही मुलांच्या डोक्यात भरवत नाहीत.

१५ मे, गुरुवार. वैशाख वद्य तृतीया.

दुर्गा सकाळच्या बसनं बरुआसागरला गेली, भाची देविकाकडे वास्तुशांत आहे. परवा येईल. जाताना फोन माझ्या उशाशी ठेवून गेली आणि दहा वेळा बजावलं की वाजला तर उचला.

घर शांत. सायंकाळी खिडकीत बसून तिसऱ्या कडव्याची चाल आठवत होतो. गुरुजी ‘लाटांवर’ या शब्दावर सूर किंचित खाली सोडत, पाण्यात पाय घातल्यासारखा. तो खालचा सूर मला आज साठ वर्षांनी नेमका सापडला. आणि त्याच क्षणी फोन कोकलला. केयूर. गुरुवारी! त्याचा फोनचा वार रविवार. तिकडे सकाळ, ऑफिसला जाताना गाडीत हात मोकळे असले की या लोकांना आई-बाप आठवतात. वाजू दिला. चार-पाच मिनिटांनी पुन्हा. मग पुन्हा. तिसऱ्यांदा मी त्यावर उशी ठेवली.

सूर गेला तो गेलाच. साठ वर्षांची वस्तू, एका घंटीनं घालवली.

१८ मे, रविवार.

केयूरचा फोन. आवाज कोरडा.

“बाबा, गुरुवारी कुठे होतात?”

“कुठे असणार? घरी.”

“घरी होतात?”

“खिडकीत. तू भलत्या वेळी फोन करू नकोस रे. काही वेळा माणूस कामात असतो.”

“आम्ही इकडे जाईला—” त्यानं सुरू केलं. मी म्हटलं, जाईला सांग, ‘लाटांवर’ या शब्दावर मला तिच्याकडून अजून मेहनत करून घ्यायची आहे, आण तिला.

“ती येत नाही म्हणते.”

“का? खेळतेय?”

“हो. खेळतेय. ठेवतो.”

एक मिनिट बेचाळीस सेकंद. लोक दूधवाल्याशी यापेक्षा जास्त बोलतात. दुर्गा म्हणाली, “सूनबाई फोनवर आलीच नाही. काहीतरी बिनसलंय.” हिला प्रत्येक शांततेत काहीतरी बिनसलेलं ऐकू येतं.

२५ मे, रविवार.

फोन आला नाही. केला, तर उचलला नाही.

२६ मे, सोमवार. दुपारपासून अमावास्या.

सकाळपासून गल्लीतल्या बायका नटूनथटून वडाला चालल्या होत्या. त्यांची वटसावित्री अमावास्येला, आमच्या बायकांची पौर्णिमेला, पंधरा दिवसांनी. समोरच्या घरची नवी सून दुर्गाला हाक मारून गेली, “अम्माजी, आप नहीं चल रहीं?” हिनं हसून सांगितलं, “हमारी पूनम को है, बिटिया.”

ही गंमत झाशीतल्या मराठी घरात पाळण्यातच कळते. शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात दोघं एकाच महिन्यात नांदतात. वद्य लागला की ते पुढच्या महिन्यात शिरतात, आपण मागच्यातच असतो. आपला वैशाख वद्य म्हणजे त्यांचा ज्येष्ठ कृष्ण. दीड-दोनशे वर्षं झाली इथे येऊन, भाषा ढिली पडली, पोळीची रोटी झाली, महिना मात्र आपण सोडला नाही. याचा मला अभिमान वाटतो. त्या यंत्रवाल्यांना विचारा बरं, एका गल्लीत दोन महिने कसे राहतात ते. भंबेरी उडेल.

२७ मे, मंगळवार.

लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

हिनं आज सुनेला, निवेदिताला, फोन लावला. स्वयंपाकघरात उभी राहून अर्धा तास बोलत होती, खरं म्हणजे ऐकत होती. मग येऊन माझ्यासमोर बसली.

“जाईनं म्हटली हो कविता. झाली म्हणून.”

“कुठे?”

“पडद्यासमोर. पंधरा तारखेला. त्यांच्या पानावर गुरुवार पंधरा मे, सकाळी साडेआठ असंच लिहिलं होतं. पोरीनं शाळा बुडवली. केयूरनं रजा काढली. निवेदितानं माझ्या जुन्या लुगड्याचं परकर-पोलकं शिवलं होतं. वीस मिनिटं बसली पोर. पडदा काळा. म्हणून तो तुम्हाला फोन करत होता.”

मी म्हटलं, “मग?”

“मग ती उठली, हात जोडले आणि त्या काळ्या पडद्याला सगळी कविता म्हणून दाखवली. आजोबांना कदाचित ऐकू येत असेल म्हणून.”

मी ताबडतोब मुग्धाला बोलावलं. दारातच तोफ डागली. मंडळाची अब्रू, गुरुजींची तिथी, तुमची ती यंत्रं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि लॅपटॉप उघडला.

“आबा, मी ज्येष्ठ कृष्ण तृतीया टाकली. आमच्या घरी जो कॅलेंडर टांगलाय, त्यात ज्येष्ठ कृष्ण मेमध्येच येतो. प्रोग्राममध्ये पंचांग निवडायचं होतं, मी झाशी निवडलं. झाशी म्हटलं की त्यानं इथलंच धरलं. तुम्हाला विचारली पण होती. तुम्ही बोलले, एकच.”

“तू दाखवायचं होतंस मला!”

“दाखवत होती. तुम्ही चष्मा काढला.”

मग खाली बघत म्हणाली, “चूक माझी पण आहे. मला माहीत असायला हवं होतं की आपलं वेगळं असतं. घरी कोणी सांगितलंच नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी. मला तर रागावायलाही जागा उरली नाही.

ती गेल्यावर दुर्गा म्हणाली, “आयुष्यभर स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसलात. रात्री बारा वीसची गाडी पकडायला एक दिवस उशिरा येणाऱ्यांची घरी येऊन नक्कल करून दाखवायचात. आम्ही पोट धरून हसायचो. आता करा जाईची नक्कल.”

१ जून, रविवार. ज्येष्ठ शुद्ध षष्ठी.

केयूरनं फोन उचलला.

“पंचांगाचा घोळ झाला,” मी सुरुवात केली. “उत्तरेकडचा महिना—”

“आईनं सांगितलं निवेदिताला. कळलं ते.”

“मुग्धानं जर नीट—”

“बाबा. तीनदा फोन केला होता. घरी होतात तुम्ही.”

मी समोर उघडलेलं पंचांग मिटलं.

“मला वाटलं, मुद्दाम उचलत नाही,” तो म्हणाला. “म्हटलं, तालमीत पुन्हा एखादा उच्चार चुकला असेल.”

“असं कसं वाटलं तुला?”

“असंच वाटतं मला. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून.” मग पुढे, अगदी शांतपणे: “तिला सॉरी म्हणा.”

“आजोबानं? नातीला?”

“हो. मला नाही म्हणालात, ते चालून गेलं. तिला म्हणा.”

काय जमाना आहे. बापानं मुलाची माफी मागायची, आजोबानं नातीची, आणि पंचांगानं ब्राउझरची. हे लिहून जरा बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

३ जून, मंगळवार.

जाईसाठी निरोप रेकॉर्ड केला. अमान्त महिना, पौर्णिमान्त महिना, शालिवाहन शक, सगळं सोप्या भाषेत. सहा मिनिटं. शेवटी ‘तेव्हा बाळा, गैरसमज करून घेऊ नकोस’.

पाठवण्याआधी हिला ऐकवला. पूर्ण ऐकून घेतला तिनं. म्हणाली, “ही माफी आहे की आकाशवाणीवरचं शेतकऱ्यांना मार्गदर्शन?”

पाठवला तरी. उत्तर नाही.

८ जून, रविवार.

जाई पडद्यावर आली. केस विंचरलेले नव्हते, हातात कसलीशी वाटी. केयूर तिच्या मागे, अर्धा दिसत होता.

“बाळा, त्याचं असं झालं की—”

“आजोबा, तुम्ही नव्हता.”

माझी दहा वाक्यं तयार होती.

“नव्हतो,” मी म्हटलं.

“मी सांगितलं होतं, फोर डेज. तुम्ही हसला.”

“हसलो.”

वाटीतला चमचा तिनं दोनदा फिरवला. “आता तुम्ही बसा. ट्वेंटी मिनिट्स. मग मी येते.”

“बसतो की. आत्ता बसू?”

“नो. सॅटरडेला. साडेआठला. सेम टाइम.”

शनिवारी, चौदा तारखेला, तिचे सकाळचे साडेआठ म्हणजे झाशीचे सायंकाळचे सहा. ज्येष्ठ वद्य तृतीया. मी म्हटलं, “जाई, तेव्हा इथे स्पर्धा आहे. आजोबा परीक्षक आहेत, एकतीस वर्षं.”

“आय नो,” ती म्हणाली. “पेजवर आहे.”

मागून केयूर म्हणाला, “जाई, असं नाही. बाबा, मी समजावतो तिला.”

“नको,” मी म्हटलं. असं का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही.

१० जून, मंगळवार. वटपौर्णिमा.

दुर्गा वडाला जाऊन आली. मी रमाकांतकडे जाऊन सांगितलं की यंदा मला जमणार नाही.

“जनार्दनजी, तबियत?”

“उत्तम आहे.”

“मग काय हो? एकतीस साल में एकदा पण खाडा नाही तुमचा. लोक विचारतील.”

“सांगा, दुसरीकडे कार्यक्रम आहे.”

“गुरुजींच्या तिथीला? दुसरीकडे?” त्यांचा चेहरा असा झाला, जसा माझा ‘म.उ.’ वाचून झाला होता. परीक्षक म्हणून मी दुर्गाचं नाव सुचवलं. नियमाप्रमाणे घंटा तिच्या हाती. ती आत्ताच जाहीर करून बसली आहे की ती घंटा वाजवणार नाही, उच्चार चुकला तर खडीसाखर देईल. एकतीस वर्षांची शिस्त एका संध्याकाळी विरघळणार. विरघळो.

मुग्धानं पान गेल्या आठवड्यातच दुरुस्त केलं होतं, आज दाखवायला आली. आता तिथीशेजारी तारीखही आहे, सगळ्यांना, झाशीतल्यांनासुद्धा. मी चष्मा लावून सगळं वाचलं. टोरांटोचंही वाचलं. तिनं विचारलं, “ठीक आहे ना, आबा?” मी म्हटलं, “स्वल्पविराम जास्त झालाय.” तिनं काढला.

१४ जून, शनिवार. ज्येष्ठ वद्य तृतीया. संकष्टी.

दुर्गा साडेपाचला हॉलवर गेली. साबुदाण्याची खिचडी झाकून ठेवली आहे, चंद्रोदयाआधी हात लावू नका म्हणाली. जाण्याआधी तिनं फोन पुस्तकांच्या आधारानं उभा करून दिला. मी कोट घातला आहे, टोपी घातली आहे. वही मांडीवर.

सहाला बसलो. पडद्यावर इंग्रजीत लिहून आलंय की समोरचा माणूस अजून आलेला नाही. हे त्या यंत्राला कळतं.

सहा वाजून चार मिनिटं. चार मिनिटं म्हणजे काही फार नव्हे, असं मी कालपर्यंत म्हणालो असतो. चौकशीच्या खिडकीत ‘गाडी वीस मिनिटं लेट’ हे मी किती वेळा सांगितलं असेल? मान वर न करता सांगायचो. बाकावर जाऊन बसणाऱ्याचं पुढे काय होतं, ते बघायचं माझं काम नव्हतं.

सहा वाजून सात. हॉलमध्ये आता पहिली मुलं उभी राहिली असतील. पडदा काळा असला की त्यात आपलाच चेहरा दिसतो. मला वाटलं नव्हतं मी इतका रागीट दिसत असेन. ती अशी बसली होती तेव्हा तिला काय दिसलं असेल? पोलकं. निवेदितानं घातलेली वेणी.

सहा वाजून अकरा. तिनं या वेळेला बापाला विचारलं असेल, आजोबा येतायत ना? आणि त्यानं मला फोन लावला असेल. पहिला. मी उशी शोधत होतो. नाही, उशी तिसऱ्या वेळी. पहिल्या वेळी मी नुसता चिडलो होतो. इथे तरी खोटं लिहायचं नाही.

सहा वाजून चौदा. पाठ दुखते. उठून पाणी प्यावं असं वाटलं, पण तेवढ्यात ती आली तर.

सहा वाजून सतरा. पडदा उजळला. जाई. परकर-पोलकं नाही, साधा गंजीफ्रॉक. मागे दारात केयूर उभा, हातात कप.

मी वही बाजूला ठेवू लागलो. घसा खाकरला. म्हटलं, “बाळा—”

तिनं तळहात दाखवून थांबवलं. कुठल्यातरी घड्याळाकडे बघितलं. “अजून थ्री मिनिट्स आहेत, आजोबा.”

आणि गेली नाही. खुर्ची ओढून समोर बसली. केयूरनं दारातून आत येऊन कप टेबलावर ठेवला आणि तोही तिच्या शेजारी टेकला. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे, मधेच खाली बघून हे लिहितो. घड्याळ माझ्यामागे भिंतीवर आहे, मान वळवली तर दिसेल. वळवत नाही. वेळ झाली की ती सांगेल.